सागरी मालवाहतुकीचे पर्यावरणीय मूल्य आणि जालन्याचे शुष्क बंदर

जालना शहरापासून समुद्रकिनारा, सरळ रेषेत मोजला तरी, सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. अशा जिल्ह्याचा विचार करताना सागरी वाहतुकीचा प्रश्न अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील भट्ट्यांना लागणारे भंगार, येथील कापूस, बियाणे आणि मोसंबी यांचा बाजार, व शेतीस लागणाऱ्या खतांची आयात, या सर्वांचा संबंध कोठे ना कोठे जहाजाशी येतो. शिवाय जवाहरलाल नेहरू बंदराने जालन्याजवळ शुष्क बंदर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘ड्रायपोर्ट’, उभारण्याचे काम हाती घेतल्यापासून हा जिल्हा बंदराच्या पाठप्रदेशाचा एक गणनीय घटक ठरला आहे. व्यापारी जहाजवाहतूक निसर्गास कमी अपायकारक कशी करता येईल, हा प्रश्न सामान्यतः समुद्रावर उभे राहून विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो जालन्यात उभे राहून विचारण्याचे योजिले आहे. असे केल्याने या प्रश्नाची एक दुर्लक्षित बाजू स्पष्ट होते, असे आमचे मत आहे.

एक जुना दुवा

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. सातवाहनकाळी हे भरभराटीचे नगर होते. सांची व भरहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. 1970 नंतरच्या दशकात येथे झालेल्या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या इटलीतील पाँपेई नगरात 1938 साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या अवशेषाचे साम्य अभ्यासकांच्या ध्यानात आले. ती मूर्ती भोकरदन येथेच घडविली गेली असावी, असे अनुमान त्यावरून काहींनी केले आहे. अनुमान म्हणूनच ते स्वीकारले, तरी दख्खनचा माल रोमन जगात पोचत होता याविषयी संदेह नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथात पैठण व तेर येथील माल गाड्यांतून दुर्गम वाटांनी भडोचच्या बंदरात आणला जात असल्याचे वर्णन असून, पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचे म्हटले आहे.

या व्यापाराची शक्ती कोणती होती? जमिनीवर बैल आणि समुद्रावर मोसमी वारा. कोकणच्या किनाऱ्यावरील गलबते व पत्तेमारी अगदी विसाव्या शतकापर्यंत याच वाऱ्याच्या भरवशावर चालत. नारळी पौर्णिमेला समुद्र मोकळा होतो ही समजूत वस्तुतः नौकानयनाच्या हंगामाची सूचना आहे. वाफेच्या आणि पुढे तेलाच्या इंजिनाने हा हंगाम मोडला, अंतर आटोक्यात आणले आणि वाहतूक स्वस्त केली. या स्वस्ताईचा एक भाग मात्र हवेच्या व पाण्याच्या खाती नावे मांडला गेला. त्याचा हिशेब करण्याची वेळ आता आली आहे.

प्रश्नाचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौथ्या अभ्यासाप्रमाणे, 2018 साली जगातील जहाजांनी सुमारे 105.6 कोटी टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात सोडला. मानवी व्यवहारांतून होणाऱ्या एकूण उत्सर्जनाचा हा 2.89 टक्के भाग होता. जगाच्या व्यापारी मालाचा, वजनाने पाहता, फार मोठा हिस्सा समुद्रमार्गे जातो, हे लक्षात घेतले तर हा आकडा अवाजवी म्हणता येणार नाही. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास मोठ्या जहाजास जितके इंधन लागते तितक्या अल्प इंधनात दुसरे कोणतेही यांत्रिक वाहन ते काम करू शकत नाही. म्हणून जहाज हे मुळात काटकसरी वाहन आहे, आणि ते वर्ज्य करणे हा या प्रश्नाचा तोडगा नव्हे.

दोष आहे तो मुख्यत्वे इंधनात. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात मौल्यवान अंश काढून घेतल्यावर जो जड, घट्ट व गंधकयुक्त गाळ उरतो, तोच दीर्घकाळ जहाजांचे इंधन म्हणून वापरला गेला. तो नळीतून वाहता करण्यास आधी तापवावा लागतो. त्याच्या ज्वलनातून गंधकाची व नत्राची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण बाहेर पडतात, आणि त्यांचा उपद्रव बंदरांच्या आसपास राहणाऱ्या वस्तीस अधिक होतो.

याखेरीज अपघातांचे भय आहेच. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या मुखाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका अंगावर कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरून रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीपर्यंत पोचले आणि मासेमारी थांबवावी लागली. मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. किनाऱ्याची हानी झाली ती कोळ्यांची, आणि खोळंबा झाला तो देशाच्या अंतर्भागातील आयात-निर्यातदारांचा. समुद्रावरील दुर्घटनेचे परिणाम किनाऱ्याशी थांबत नाहीत, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

नियमनाची वाटचाल

जहाज एका देशाच्या ध्वजाखाली, दुसऱ्याच्या मालकीचे, तिसऱ्या देशाचे खलाशी घेऊन चौथ्या देशाचा माल वाहते. त्यामुळे त्याचे नियमन एकट्या राष्ट्राच्या आवाक्यातले नाही. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणासंबंधीचा ‘मार्पोल’ हा करार 1973 मध्ये झाला, 1978 मध्ये त्याला जोड देण्यात आली आणि 1983 मध्ये तो अंमलात आला. आरंभी त्याचा रोख तेलाच्या गळतीवर होता. हवेच्या प्रदूषणाविषयीचे सहावे परिशिष्ट 2005 साली लागू झाले. इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा प्रथम 4.5 टक्के होती. ती 2012 मध्ये 3.5 टक्के आणि 1 जानेवारी 2020 पासून 0.5 टक्के करण्यात आली.

हवा तापविणाऱ्या वायूंच्या बाबतीत प्रगती अधिक सावकाश झाली. 2013 पासून नव्या जहाजांच्या रचनेस कार्यक्षमतेचा निर्देशांक लागू झाला. 2023 पासून जुन्या जहाजांनाही तशी कसोटी आणि वार्षिक श्रेणी देण्यात येऊ लागली. जुलै 2023 मध्ये संघटनेने 2050 च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ध्येय स्वीकारले. त्यासाठी 2008 च्या तुलनेने 2030 पर्यंत किमान 20 टक्के व 2040 पर्यंत किमान 70 टक्के घट, हे मधले टप्पे ठरविले. हे ध्येय साधण्यासाठी उत्सर्जनावर मोल आकारण्याची योजना एप्रिल 2025 मध्ये तत्त्वतः मान्य झाली. परंतु ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत तिचा अंतिम स्वीकार एक वर्षाने लांबणीवर टाकण्यात आला. युरोपीय संघाने मात्र आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना 2024 पासून स्वतःच्या उत्सर्जन-व्यापार पद्धतीत आणले आहे.

भारतात केंद्र शासनाने मे 2023 मध्ये ‘हरित सागर’ या नावाने बंदरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दर टन मालामागे होणारे कार्बन उत्सर्जन 2030 पर्यंत 30 टक्क्यांनी आणि 2047 पर्यंत 70 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्यांत आहे.

जहाजावरील उपाय

उपायांचे दोन वर्ग पडतात: आहे ते इंधन कमी जाळणे, आणि इंधन बदलणे.

पहिल्या वर्गातील सर्वांत सोपा उपाय म्हणजे वेग कमी करणे. पाण्याचा विरोध असा असतो की जहाजाला लागणारी शक्ती, स्थूलमानाने, वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 20 सागरी मैलांऐवजी 16 मैलांनी जहाज चालविले, तर शक्ती निम्म्यावर येते. प्रवासास सव्वापट वेळ लागतो हे हिशेबात धरूनही त्या फेरीचे इंधन सुमारे 36 टक्क्यांनी वाचते. 2008 च्या मंदीनंतर तेल महाग व माल थोडा अशा स्थितीत कंपन्यांनी ही मंदगती स्वीकारली. तिला मर्यादा आहेत. तेवढाच माल तेवढ्याच कालावधीत पोचविण्यास जहाजे अधिक लागतात, आणि नाशवंत मालाच्या दृष्टीने प्रत्येक दिवसाला किंमत असते. तळाला चिकटणारी शेवाळे व शिंपले काढून टाकणे, पंख्याची रचना सुधारणे, आणि धक्का रिकामा नसेल तर धावत येऊन नांगर टाकून बसण्याऐवजी आधीपासूनच सावकाश येणे, हेही याच वर्गातील उपाय होत.

वाऱ्याचेही पुनरागमन होत आहे. आंटोन फ्लेटनर या जर्मन अभियंत्याने 1924 मध्ये ‘बुकाऊ’ नावाच्या जहाजावर शिडांऐवजी दोन उंच फिरते स्तंभ बसविले होते. फिरत्या स्तंभावरून वारा वाहताना एका बाजूस दाब कमी होतो आणि जहाज पुढे ओढले जाते. त्या काळी तेल स्वस्त असल्याने ही युक्ती मागे पडली. आज काही मालवाहू जहाजांवर ती पुन्हा दिसू लागली आहे. वारा इंजिनाची जागा घेणार नाही, पण त्याचा भार हलका करील.

दुसऱ्या वर्गातील उपाय अधिक बिकट आहेत. द्रवरूप नैसर्गिक वायू जळताना गंधक जवळजवळ नसते व कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो, परंतु न जळता निसटणारा मिथेन हा लाभ बराचसा गिळून टाकतो. अमोनियात कार्बन नाही, तथापि तो विषारी आहे. मेथॅनॉल हाताळण्यास तुलनेने सुलभ. 2023 मध्ये ‘लॉरा मेर्स्क’ हे मेथॅनॉलवर चालू शकणारे पहिले कंटेनर जहाज सेवेत आले. मात्र मेथॅनॉल कोळशापासून केले तर निसर्गाचा काहीच लाभ नाही. ते जैविक द्रव्यापासून, अथवा अपारंपरिक विजेने मिळविलेल्या हायड्रोजनपासून व्हावयास हवे.

येथे मराठवाड्याच्या दृष्टीने एक इशारा देणे आवश्यक आहे. जहाजांसाठी जैविक इंधनाची मागणी वाढली, तर ते शेतात पिकविण्याचा मोह होईल. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले, आणि मोसंबीच्या बागा वाळून शेतकऱ्यांना त्या तोडाव्या लागल्या. ज्या प्रदेशात पाणी ही सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे, तेथे उसासारखे पीक जहाजाच्या टाकीसाठी घेणे म्हणजे हवेचा भार भूजलावर ढकलणे होय. याउलट कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्या आज बहुधा चुलीत किंवा बांधावर जाळल्या जातात, त्यांना नवे पाणी लागत नाही. तेव्हा इंधन कोणत्या वनस्पतीचे, याइतकाच ते कोणत्या पाण्यावर वाढले हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

जमिनीवरील हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जहाजाच्या उत्सर्जनाचा हिशेब बंदराच्या फाटकाशी संपतो, पण मालाचा प्रवास तेथे संपत नाही. एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. जालन्याहून 20 टन भाराचा एक कंटेनर न्हावा शेवा येथे आणि तेथून जहाजाने परदेशी गेला, अशी कल्पना करू. जमिनीवरील अंतर 400 किलोमीटर धरू. दर टन-किलोमीटरमागील उत्सर्जन ट्रकसाठी 80 ग्रॅम, रेल्वेसाठी 25 ग्रॅम, लांब पल्ल्याच्या मोठ्या जहाजासाठी 10 ग्रॅम आणि आखाती मार्गावरील लहान जहाजासाठी 15 ग्रॅम असे मानू. वाहनाचे वय, भार व मार्ग यांनुसार हे आकडे बदलतात. येथे ते केवळ तुलनेसाठी घेतले आहेत.

ट्रकने बंदरापर्यंत जाण्यात 640 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघेल. सुएझमार्गे रॉटरडॅम सुमारे 11,700 किलोमीटर दूर आहे. त्या सागरी प्रवासाचे उत्सर्जन 2,340 किलोग्रॅम होईल. म्हणजे एकूण अंतरापैकी अवघे साडेतीन टक्क्यांहून कमी अंतर ट्रकने तोडले असताना उत्सर्जनाचा एकपंचमांशाहून अधिक वाटा त्याच्याकडे जातो. माल दुबईस जाणार असेल तर चित्र याहून बोलके होते. सुमारे 2,200 किलोमीटरच्या त्या सागरी प्रवासाचे उत्सर्जन 660 किलोग्रॅम, म्हणजे जालना ते न्हावा शेवा या रस्त्यावरील प्रवासाइतकेच भरते. संपूर्ण अरबी समुद्र ओलांडण्यास जेवढा धूर होतो, तेवढा धूर घाट उतरून किनाऱ्याला पोचण्यातच होतो! हाच कंटेनर रेल्वेने नेला तर जमिनीवरील उत्सर्जन 200 किलोग्रॅमवर येते. आणि ट्रक परतताना रिकामा आला, तर त्या रिकाम्या फेरीचे इंधनही याच मालाच्या नावे मांडावे लागेल.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, जहाजाच्या इंजिनात कोट्यवधींचा खर्च करून जेवढी घट साधते, तिच्याशी तुलना करता येईल एवढी घट पाठप्रदेशातील वाहतूक सुधारून साधता येते. निदान जवळच्या देशांच्या व्यापारात तरी येते.

शुष्क बंदराचे कार्य व त्याच्या अटी

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर मे 1989 मध्ये सुरू झाले. 2024-25 या वर्षात त्याने वीस फुटी मापाने सुमारे 73 लाख कंटेनर हाताळले. एवढ्या मालाची जकात-तपासणी, साठवण व भरणी किनाऱ्यावरच करावयाची, तर तेथे ट्रकांच्या रांगा लागणारच. थांबलेला ट्रक इंजिन चालू ठेवतो, आणि धक्क्यावर खोळंबलेले जहाज विजेसाठी आपली साहाय्यक यंत्रे चालवीत राहते. शुष्क बंदर म्हणजे बंदराचे हे काम अंतर्भागात आणून ठेवणारे केंद्र. तेथे जकातीचे सोपस्कार पुरे करून, मोहरबंद कंटेनर आगगाडीने थेट धक्क्यावर जावा, ही त्यामागील कल्पना आहे.

जालन्याच्या शुष्क बंदराची पायाभरणी 25 डिसेंबर 2015 रोजी झाली. जालना शहराच्या पश्चिमेस, रेल्वेमार्गालगत, सुमारे 180 हेक्टर जमीन त्यासाठी घेण्यात आली. पुढील अनेक वर्षे काम मंदगतीने चालले. 2022 मध्ये राष्ट्रीय महामार्ग विभागाच्या मालवाहतूक कंपनीशी करार होऊन बहुविध वाहतूक उद्यान या स्वरूपात त्याची आखणी करण्यात आली. जालन्याची निवड सकारण आहे. लोखंडी सळया करणारे कारखाने, बियाण्यांचा उद्योग, कापसाच्या गिरण्या आणि भौगोलिक मानांकन लाभलेली मोसंबी असा आयातीचा व निर्यातीचा माल येथे एकत्र मिळतो.

तथापि शुष्क बंदर बांधले म्हणजे पर्यावरणाचा लाभ आपोआप पदरात पडेल, असे मानणे चूक होईल. तो लाभ तीन अटींवर अवलंबून आहे.

पहिली अट रेल्वेची. मनमाड ते जालना हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी मीटरमापी म्हणून झाला. पुढे तो रुंद झाला, आणि त्याचे विद्युतीकरणही झाले. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना-मुंबई वंदे भारत गाडी त्यावरून धावू लागली. परंतु एकेरी मार्गावर प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाडी ताटकळते. मनमाड बाजूकडील दुपदरीकरणाचे काम म्हणूनच महत्त्वाचे आहे. पुढे कसारा घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. निर्यातीची भरलेली गाडी तो उतरते. पण आयातीचे भंगार घेऊन येणारी गाडी तो चढते, आणि तिला मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात. शिवाय वीज अद्याप बहुतांशी कोळशाची असल्याने रेल्वेचा लाभ विजेच्या स्वच्छतेबरोबरच वाढत जाईल.

दुसरी अट रस्त्याच्या स्पर्धेची. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो. 5 जून 2025 रोजी त्याचा अखेरचा टप्पा खुला झाल्याने 701 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहता झाला. जालन्याचा ट्रक आता थोड्या तासांत भिवंडीजवळ पोचतो. आगगाडी ठरावीक दिवशी ठरावीक वेळी सुटत नसेल, तर ज्याचे जहाज परवा सुटणार आहे असा निर्यातदार रस्त्याचाच आश्रय घेईल. त्यात त्याला दोष देता येणार नाही. शुष्क बंदर केवळ ट्रक उभे करण्याचे विस्तीर्ण आवार ठरले, तर धूर कमी होणार नाही. त्याची जागा तेवढी बदलेल.

तिसरी अट रिकाम्या कंटेनरांची. भंगार घेऊन आलेला कंटेनर जालन्यात रिता होऊन बंदराकडे मोकळाच परततो, आणि कापसासाठी दुसरा रिकामा कंटेनर बंदराकडून मागवावा लागतो. एका कामासाठी अशा दोन पोकळ फेऱ्या होतात. रिते कंटेनर जालन्यातच साठवून, साफ करून, निर्यातदारास मिळू लागले तर या फेऱ्या टळतील. अर्थात हे सर्वत्र शक्य नाही. भंगाराचा डागाळलेला कंटेनर बियाण्यास चालणार नाही. मोसंबीस तर शीतकंटेनरच हवा, आणि त्यास अखंड वीज लागते. तरीही सर्वांत अल्प खर्चात सर्वांत मोठी बचत देणारा उपाय हाच दिसतो. त्यासाठी नवे इंधन नको, नवे इंजिन नको. जहाज कंपन्या, कारखानदार आणि व्यापारी यांच्यात माहितीची देवघेव हवी.

भार कोणावर?

अखेरीस न्यायाचा प्रश्न उरतो. उत्सर्जनावर आकारलेले मोल जहाज कंपनी प्रथम भरते, परंतु ते भाड्यात मिसळून मालाच्या धन्याकडे येते. मोठा कारखानदार ते किमतीत चढवू शकतो. दोन-चार एकरांचा मोसंबी उत्पादक तसे करू शकत नाही, कारण त्याची किंमत दूरच्या बाजारात दुसरा कोणी ठरवीत असतो. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेस वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा भाडे आणि उत्सर्जन दोन्ही एकदम वाढले. त्या वाढीत जालन्याच्या उत्पादकाचा काही अपराध नव्हता. पण भार त्याच्यापर्यंतही आला.

म्हणून अंतर्भागातील जिल्ह्यांनी या विषयाकडे तटस्थपणे पाहून चालणार नाही. ज्या मोलाचे दर दूरच्या परिषदांत ठरतील, त्याच्या हिशेबात जमिनीवरील बचतीस स्थान मिळावे, अशी मागणी येथून झाली पाहिजे. आणि तशी मागणी करावयाची तर आधी मोजमाप हाती हवे. जालन्याहून वर्षाकाठी किती टन माल कोणत्या मार्गाने बंदरास जातो, किती ट्रक रिकामे परततात, कंटेनर किती दिवस अडकून पडतात, हे कारखान्यांच्या वजनकाट्यांवर आणि मालधक्क्यावर बसून नोंदविता येण्याजोगे आहे. वर दिलेला हिशेब गृहीत आकड्यांवर रचलेला आहे. त्या जागी प्रत्यक्ष नोंदी घालण्याचे काम भूगोल, अर्थशास्त्र व वाणिज्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अंगावर घेण्यासारखे आहे. एका हंगामाच्या नोंदी जरी व्यवस्थित हाती आल्या, तरी शुष्क बंदर धूर कमी करते की नुसता हलविते, याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागणार नाही.